कापूस, बाभूळ, जवस आणि नाव

अकोल्याच्या जठारपेठेत बसून कुणी नाव बांधण्याची गोष्ट काढली, की ऐकणाऱ्याचा पहिला प्रश्न ठरलेला असतो : चालवणार कुठं? प्रश्न रास्त आहे. मे महिन्यात अकोल्याचा पारा ४५ अंशांच्या पुढे जातो, महानच्या धरणात किती साठा उरला याची घरोघरी चौकशी होते, आणि मोर्णेच्या पात्रात पाण्यापेक्षा जलकुंभीच जास्त दिसते. अशा गावाला नाव हा कोकणचा विषय वाटतो. मालवणचा, रत्नागिरीचा, फार तर गोदाकाठच्या पैठणचा. वऱ्हाडाने बैलगाडी बांधावी, वखर बांधावा, नावेचं काय काम?

ही पुस्तिका त्या समजुतीला उत्तर म्हणून लिहिली आहे. वऱ्हाडात नाव होती, काही डोहांवर आणि धरणांवर आजही आहे, आणि ती बांधायला लागणारी जवळजवळ प्रत्येक वस्तू वऱ्हाडच्याच शेतात, रानात आणि बाजारात मिळते. फळीला सागवान, वाकड्या आडव्यांना बाभूळ, फटीत भरायला कापूस, त्यावर चोळायला जवसाचं तेल, बांधायला अंबाडीचा दोर. ही यादी हाती आली की नाव परकी राहत नाही. सुतार, लोहार आणि बुरूड ज्या गावात आहेत, त्या गावात नाव बांधता येते. पाणी आडवं आलं की माणसाने हाताशी असलेल्या वस्तूंतूनच ते ओलांडण्याचं साधन केलं, जगभर हेच झालं आणि पूर्णेच्या काठीही हेच झालं.

पूर्णेपासूनच सुरुवात करायला हवी. बैतूलकडच्या सातपुड्यात उगम पावून ती अमरावती, अकोला, बुलडाणा या जिल्ह्यांतून पश्चिमेला वाहते आणि चांगदेवला तापीला मिळते. मोर्णा, काटेपूर्णा, पेढी, शहानूर, वाण ही तिचीच घरची मंडळी. तिचा काठ खडकाचा नाही. काळ्या, चिकट, खोल मातीचा आहे, आणि दोन्ही अंगांना खारपाणपट्टा पसरलेला. पाऊस पडला की ही माती फुगते, बैलगाडीचं चाक आसापर्यंत रुतवते, माणसाच्या पायातली वहाण ओढून घेते. उन्हाळ्यात गाडीवाट असलेला उतार पावसाळ्यात उतार राहत नाही. पूल नव्हते तेव्हा चार महिने या काठावरून त्या काठावर जायचं, तर भोयांची नाव हाच रस्ता होता. बाळंतिणीला न्यायचं, बाजाराला जायचं, पलीकडच्या वावरात निंदायला जायचं, सगळं नावेनं. आणि त्याचा मोबदला दर खेपेला पैशात न देता सुगीला खळ्यावर ज्वारीच्या रूपानं देण्याची रीत होती. सुताराला, लोहाराला, कुंभाराला जसं वर्षाचं धान्य, तसंच नाव चालवणाऱ्यालाही. यावरून त्या कामाची गावगाड्यातली जागा कळते.

काठावरचा चिखल ही किती मोठी अडचण होती, हे गाडगेबाबांच्या चरित्रातूनही दिसतं. ऋणमोचनला पूर्णेच्या काठी भरणाऱ्या यात्रेतले लोक चिखलात घसरत, पडत. तिथे पुढे बाबांनी घाट बांधवला. घाट आणि नाव ही एकाच गरजेची दोन अंगं आहेत. पाण्यापर्यंत पोचायचं कसं आणि पाण्यावरून जायचं कसं, हे दोन्ही सुटल्याशिवाय नदीकाठच्या माणसाची सोय होत नाही.

मग नावा गेल्या कुठे? १८६७ मध्ये आगगाडी नागपूरपर्यंत पोचली. त्याआधी वऱ्हाडचा कापूस बैलांच्या पाठीवरून आणि गाड्यांतून शेकडो मैल दूर मिर्झापूरला जात असे आणि तिथे गंगेवरच्या नावांत चढून बंगालकडे निघत असे. आगगाडीनं तो सगळा मार्ग मुंबईकडे वळवला. पाठोपाठ सडका आल्या, पूल आले, आणि स्वातंत्र्यानंतर धरणं आली. धरणांनी वाहती नदी आटवली, पण मोठाले जलाशयही उभे केले : काटेपूर्णेवर महान, वर्धेवर सिंभोरा. नदीवरची उताराची नाव गेली आणि जलाशयावरची मासेमारीची नाव आली. म्हणजे गरज संपलेली नाही, ती फक्त जागा बदलून बसली आहे.

पुस्तिकेची मांडणी सोप्याकडून अवघडाकडे जाते. पहिली प्रकरणं तरंगांची आहेत, म्हणजे ज्यांना नाव म्हणता येणार नाही पण ज्यांच्यावाचून नाव समजत नाही अशा साधनांची. कडू भोपळा वाळवून, बिया काढून, तोंड मेणानं किंवा राळेनं बंद करून पाठीला बांधायचा आणि विहिरीत पोहायला शिकायचं, हे खेड्यातल्या कित्येक पिढ्यांनी केलं. त्यामागचं गणित सुंदर आहे. माणसाचं शरीर पाण्यात जवळपास बिनवजनाचं होतं, आधार हवा असतो तो पाण्याबाहेर राहणाऱ्या डोक्यापुरता, म्हणजे चार-पाच किलोंचा. सात-आठ लिटर जागा व्यापणारा एक चांगला भोपळा तेवढा आधार सहज देतो. भोपळ्यांची जोडी बांबूच्या चौकटीला बांधली की सांगड झाली. तिच्यावर माणूस बसू शकतो, पुरात अडकलेल्याकडे दोर नेऊ शकतो, जाळं टाकू शकतो.

भोपळ्याच्या जागी पांगाऱ्याचं लाकूड चालतं. पांगारा इतका हलका की वाळलेला ओंडका लहान मूल उचलतं. जाळ्याचे तरंग करायला तो पूर्वीपासून वापरात आहे. अकोट, अंजनगावकडे केळीच्या बागा आहेत, तिथे घड काढल्यावर उरलेले खांब बांबूत ओवून तराफा करता येतो. तो चार-सहा दिवसांत पाणी पितो आणि कुजतो, म्हणून त्याला पुस्तिकेत थोडीच जागा दिली आहे. पण पूर अचानक येतो आणि केळीचा खांब हाताशी असतो, तेवढ्यासाठी ती जागा दिलीच पाहिजे होती.

हलक्या लाकडाचा विषय निघाला की नॉर्वेचा धाडसी प्रवासी थॉर हेयरदाल आठवतो. १९४७ मध्ये त्यानं आणि त्याच्या पाच सोबत्यांनी ‘कॉन-टिकी’ नावाचा बाल्सा लाकडाचा तराफा बांधला, ओंडके दोरांनी बांधले, खिळा वापरला नाही, आणि पेरूहून निघून १०१ दिवसांनी पॅसिफिकमधल्या बेटांपर्यंत पोचला. वऱ्हाडच्या वाचकाला यात एक आपुलकीची गोष्ट सापडेल. बाल्सा, आपली काटेसावर, आपला कापूस आणि आपली अंबाडी ही चारही झाडं आजच्या वनस्पतिशास्त्राच्या वर्गवारीत एकाच कुळात येतात, भेंडीच्या कुळात. तराफ्याचं लाकूड, दोराचा वाख आणि फटीतला कापूस देणारी ही भावंडं आहेत. सातपुड्याच्या पायथ्याशी फाल्गुनात लाल फुलांनी पेटलेली सावर आपण रोज पाहतो. तिचं लाकूड हवेत लवकर किडतं, पण पाण्याखाली बराच काळ टिकतं, आणि म्हणूनच विहिरीच्या तळाशी नि डोंग्यासाठी जुन्या लोकांनी ते निवडलं.

डोंगा, म्हणजे एका ओंडक्यातून कोरलेली नाव. त्याचं खरं माहेर पूर्व विदर्भ आहे. भंडारा-गोंदियाच्या मालगुजारी तलावांवर ढिवर लोक, आणि गडचिरोलीत भामरागडकडे पर्लकोटा, पामुलगौतम, इंद्रावती या नद्यांवर आदिवासी, डोंगा चालवत आले. पुराच्या दिवसांत तिकडच्या गावांचा डोंग्यावाचून जगाशी संबंध राहत नसे. वऱ्हाडात आता डोंगा कोरण्याजोगं झाड तोडणं योग्य नाही, असं माझं स्पष्ट मत आहे. दीडशे वर्षांचं झाड दोन माणसांच्या नावेसाठी आडवं करावं, एवढी झाडं आपल्याकडे उरलेली नाहीत. तरीही डोंग्याचं प्रकरण ठेवलं, कारण कोरण्याची कला समजली की नावेच्या आकाराची जाण येते : पोट कुठे रुंद हवं, टोकं किती उचललेली हवीत, तळ किती जाड ठेवायचा. वाकसानं तासताना मध्ये मध्ये ओंडका पाण्यात टाकून बघतात, कुठली बाजू खाली जाते ते पाहून तिथलं लाकूड उतरवतात. ही तपासणी फळ्यांच्या नावेलाही लागू पडते.

त्यानंतर टोपलीनाव. बांबूच्या कामट्यांची मोठी गोल टोपली विणायची, तिला बाहेरून कातडं किंवा डांबरात भिजवलेलं जाड कापड चढवायचं. तुंगभद्रेवर हंपीजवळ ती आजही चालते. आपल्या इतिहासाशी तिचं नातं वेगळ्या वाटेनं जुळतं. १८०३ च्या पावसाळ्यात इंग्रज सेनापती आर्थर वेलस्ली मराठ्यांविरुद्ध दख्खनमध्ये फौज घेऊन फिरत होता. नद्या दुथडी भरलेल्या, पूल कुठेच नाहीत. त्यानं लष्करासाठी अशा टोपलीनावा करवून घेतल्या आणि ऑगस्टमध्ये भरलेली गोदावरी रानातल्या फांद्या विणून, वर कातडं चढवून केलेल्या नावांतून ओलांडली. सप्टेंबरात असईची लढाई झाली, २९ नोव्हेंबरला तेल्हाऱ्याजवळच्या अडगावची आणि १५ डिसेंबरला गाविलगड पडला. वऱ्हाडचा त्या वर्षीचा इतिहास तोफांनी घडला असं आपण शिकतो. तोफा गोदावरी ओलांडून आल्या, तेव्हा त्यांच्याखाली विणलेली टोपली होती, हेही शिकायला हवं.

मेळघाटात बांबू आहे, गावोगाव बुरूड आहेत, धारणी तालुक्यात लवादा येथे बांबूकामाचं मोठं केंद्र उभं राहिलं आहे. विणकामाचं कौशल्य तयार असताना टोपलीनाव आपल्याकडे पुन्हा का होऊ नये? कायद्याची एक अडचणही दूर झाली आहे : २०१७ मध्ये भारतीय वन कायद्यात बदल होऊन जंगलाबाहेर वाढलेला बांबू ‘झाड’ या व्याख्येतून वगळला गेला, त्यामुळे शेतातला बांबू तोडून नेणं सोपं झालं. टोपलीनावेचा दोष एकच, ती गोल असल्यामुळे गरगर फिरते. वल्हं पुढच्या अंगाला पाण्यात घालून नाव त्याच्याकडे ओढत न्यायची असते. हे हाताला बसायला वेळ लागतो. पहिली नाव म्हणून मी ती सुचवणार नाही, पण शाळेच्या मुलांना पाण्याचा धक्का आणि तोल शिकवायला तिच्याइतकं चांगलं साधन नाही.

पुस्तिकेचा अर्ध्याहून अधिक भाग मात्र सपाट तळाच्या, फळ्यांच्या नावेला दिला आहे, कारण वऱ्हाडच्या पाण्याला तीच योग्य. आपल्या नद्यांत नि धरणांच्या कडेला पाणी उथळ असतं. गोल पोटाची कोकणी होडी तिथे टेकते आणि कलंडते. सपाट तळाची नाव वीतभर पाण्यातही जाते, आणि बांबूच्या वाशानं तळाला रेटा देऊन चालवता येते. ती बांधायला सुताराला नवीन काही शिकावं लागत नाही. करवत, रंधा, पटाशी, गुण्या, गिरमिट, हातोडा, एवढ्यात काम होतं. दोन्ही बाजूंच्या लांब फळ्या आधी उभ्या करायच्या, मध्ये तात्पुरती चौकट धरायची, टोकं दोरानं आवळत हळूहळू जवळ आणायची. फळी ऐकत नसेल तर तिच्यावर फडकी टाकून उकळतं पाणी ओतत राहायचं. इथे घाई केली की सागवान चिरतं. एकदा बाजू वळल्या की नावेचा आकार आपोआप ठरतो, त्याला नकाशा लागत नाही.

आडव्यांसाठी, म्हणजे फळ्यांना आतून धरणाऱ्या लाकडांसाठी, बाभूळ. बैलगाडीचं चाक, वखराचं खोड करणाऱ्या वऱ्हाडी सुताराला बाभळीचा स्वभाव पुरता ठाऊक असतो. नावेच्या कोपऱ्यांना लागणारं वाकडं लाकूड करवतीनं कापून काढू नये. कापलेल्या लाकडाचा धागा तुटतो आणि ताण आला की लाकूड तिथेच फुटतं. जिथे फांदी खोडाला मुळातच तेवढ्या कोनात फुटली आहे तो तुकडा शोधायचा. बांधावरची बाभूळ त्यासाठीच असल्यासारखी वाकडीतिकडी वाढते. ती जड आहे, म्हणून ती फक्त आडव्यांपुरती, फळीला नाही. बाभळीत लोखंडी खिळा ठोकला की लाकूड त्याच्याभोवती काळं पडतं आणि खिळा गंजतो, म्हणून जस्ताचा मुलामा दिलेले खिळे घ्यावेत, आधी गिरमिटानं भोक पाडावं आणि आरपार गेलेलं टोक आतून वळवून ठोकावं.

तळाच्या फळ्या लांबीच्या दिशेनं न लावता आडव्या लावाव्यात, असा या पुस्तिकेचा आग्रह आहे. त्याचं कारण लाकूड. लांब, सरळ, बिनगाठीची सागवानी फळी आज महाग आहे. शिवाय सागाचं झाड आपल्या शेतातलं असलं तरी १९६४ च्या वृक्षतोड कायद्याखाली परवानगीवाचून तोडता येत नाही. पण जुन्या शहरातले वाडे उतरवले जात आहेत. त्यांच्या तक्तपोशीच्या फळ्या, दारांच्या झडपा, तुळया जुन्या लाकडाच्या व्यापाऱ्यांकडे येऊन पडतात. ते लाकूड पिढ्यान् पिढ्या सावलीत वाळलेलं असतं, आता त्याला वाकायचं-तडकायचं राहिलेलं नसतं. लांबी कमी, म्हणून आडवा तळ. एखाद्या पडत्या वाड्याची पाटई नावेच्या तळाला यावी, यापेक्षा तिचा चांगला उपयोग मला सुचत नाही.

आणि आता कापूस. हे प्रकरण मी सर्वांत मन लावून लिहिलं आहे, कारण अख्खं वऱ्हाड कापूस पिकवतं आणि तो नाव कोरडी ठेवतो हे वऱ्हाडात फार थोड्यांना माहीत आहे. दोन फळ्या कितीही नीट रंधून जोडल्या तरी मधे केसभर फट राहते. त्या फटीच्या बाहेरच्या तोंडाला थोडी उतरण द्यायची. सरकी काढलेल्या कापसाची, देवापुढच्या वातीसारखी पण बरीच लांब आणि सैल वात वळायची, ती फटीवर ठेवायची आणि बोथट पटाशीनं हलक्या ठोक्यांनी आत बसवत जायची. एक वात, मग तिच्यावर दुसरी. ठोका जास्त बसला तर वात पलीकडे निघते, कमी बसला तर पाण्यात सुटते. कापूस पाण्यानं फुगतो, लाकूडही फुगतं, आणि दोन्ही एकमेकांना घट्ट धरतात. कोकणातले मेस्त्रीही फटी बुजवायला कापूस वापरतात. तो त्यांना बाहेरून आणावा लागतो, आपल्या घरी तो गंजीनं पडलेला असतो.

वातीवर लांबी भरायची. खडूची भुकटी आणि जवसाचं तेल एकत्र मळून होते ती, काचा बसवणारे वापरतात तीच. जवसाचं तेल हे वाळणारं तेल आहे. हवेतला प्राणवायू घेऊन त्याचा घट्ट, चिवट पापुद्रा होतो, जो शेंगदाण्याच्या किंवा सरकीच्या तेलाचा होत नाही. विदर्भात जवस पिढ्यान् पिढ्या पिकतो; आपण त्याची चटणी करतो आणि तेलाचा हा गुण विसरून जातो. आतून-बाहेरून नावेला हे तेल गरम करून तीन-चार हात द्यावेत, दोन हातांमध्ये पूर्ण वाळू द्यावं. तळाला बाहेरून राळ आणि तेल वितळवून केलेला लेप, किंवा सरळ डांबर. एक इशारा इथेच देतो, कारण तो चुकवून चालणार नाही : जवसाच्या तेलानं भिजलेल्या चिंध्या गोळा करून कोपऱ्यात टाकू नका. तेल वाळताना उष्णता सोडतं, आणि अकोल्याच्या उन्हाळ्यात तो बोळा आपोआप पेट घेऊ शकतो. चिंध्या पाण्यात बुडवून ठेवाव्यात किंवा एकेक पसरून वाळवाव्यात.

खिळ्याशिवायही नाव होते, हे आपल्या शेजारच्याच डोंगरात चितारलेलं आहे. अजिंठ्याच्या दुसऱ्या क्रमांकाच्या लेण्यात शिडांचं जहाज आहे. त्या पाचव्या शतकातल्या चित्रावरून, फळ्या काथ्याच्या दोरीनं शिवून, एक जहाज आपल्या काळात पुन्हा बांधलं गेलं. गोव्यात दिवाडी बेटावरच्या गोदीत ‘होडी इनोव्हेशन्स’नं, केरळचे कारागीर बाबू शंकरन यांच्या हाताखाली, नौदल आणि सांस्कृतिक मंत्रालयाच्या पुढाकारानं ते उभं राहिलं. मे २०२५ मध्ये कारवारला ते नौदलात दाखल झालं आणि त्याला ‘कौंडिण्य’ हे नाव मिळालं. त्याला इंजिन नाही. समुद्रापासून इतक्या दूर, वाघूर नदीच्या घळीत बसून कुणा चित्रकारानं जहाजाची चौकोनी शिडं, सुकाणूचं वल्हं आणि मागच्या अंगाला मांडलेले रांजण इतक्या बारकाईनं काढले की दीड हजार वर्षांनी त्यावरून बांधकाम करता आलं. आत डोंगरात राहणाऱ्यांना नावेचं काय, असं म्हणणाऱ्यांनी ते लेणं पाहून यावं. शिवून नाव करण्याची पद्धत पुस्तिकेत थोडक्यात दिली आहे, काथ्याऐवजी अंबाडी घेऊन. अंबाडीचा दोर काथ्याइतका पाण्यात टिकत नाही, हे तिथे सांगितलंच आहे.

आता ज्यांची ही विद्या आहे त्यांच्याविषयी. भोई, ढिवर, कहार, कोळी या समाजांनी पाण्याचं ज्ञान पिढ्यान् पिढ्या सांभाळलं : कुठल्या डोहात कुठला मासा, पूर चढताना धार कुठल्या अंगाला सरकते, भोवऱ्यात नाव कशी धरायची. भंडाऱ्याकडे मनीष राजनकरांसारख्या अभ्यासकांनी ढिवरांच्या तलावज्ञानाची नोंद केली आणि त्या ज्ञानाच्या आधारे तलाव पुन्हा जिवंत करण्याचं काम उभं राहिलं. वऱ्हाडच्या भोयांच्या नावेची अशी सविस्तर नोंद व्हायला हवी. दरम्यान धरणांवर काय दिसतं? थर्माकोलच्या जाड पाट्या पोत्यात शिवून केलेले तराफे, ट्रकच्या ट्यूबवर बसून जाळं टाकणारी माणसं. ते स्वस्त आहे आणि लगेच होतं, म्हणून मासेमार ते घेतात. त्यात त्यांचा दोष नाही. पण थर्माकोल झिजत जातं, त्याचे दाणे पाण्यात पसरतात, आणि तेच पाणी आपण पितो. ट्यूबला बाभळीचा एक काटा पुरतो. या माणसांना परवडेल अशी लाकडी नाव त्यांच्याच गावच्या सुताराकडून बांधून मिळावी, हा या पुस्तिकेमागचा सर्वांत मोठा हेतू आहे. हौस म्हणून बांधणाऱ्यांनीही जवळच्या भोईवाड्यात जाऊन आधी विचारावं, कागदावर जे उतरत नाही ते तिथे मिळतं, आणि जे मिळालं त्याचा मोबदला द्यावा.

वजनाचा हिशेब मी मुद्दाम सगळ्यांत शेवटी घेतला आहे, कारण वाचकानं तो विसरू नये. १४ सप्टेंबर २०२१ रोजी वरुड तालुक्यात झुंज येथे वर्धा नदीत नाव उलटली आणि ११ जणांना जीव गमवावा लागला. दशक्रियेसाठी जमलेले नातलग होते ते. अमरावती जिल्हा ते विसरलेला नाही. नाव बांधायला शिकवणाऱ्या माणसावर या घटनेचं ओझं असलंच पाहिजे.

हिशेब असा. एक घनफूट पाण्याचं वजन सुमारे २८ किलो. दहा फूट लांब, तीन फूट रुंद नाव सहा इंच पाण्यात बसली, तर सरळ पेटी असती तर तिनं १५ घनफूट पाणी बाजूला सारलं असतं. पण टोकं निमुळती असल्यामुळे प्रत्यक्षात दोन-तृतीयांशच धरावं, म्हणजे दहा घनफूट. एकूण भार झाला २८० किलो. त्यात इंचभर जाडीच्या सागवानाची नाव स्वतःच ११० ते १२० किलोंची. उरले १६० किलो. म्हणजे दोन माणसं आणि त्यांचं जाळं. तिसरा बसला तर नाव लगेच बुडणार नाही, पण काठ पाण्याच्या जवळ येईल. सव्वा फूट उंचीच्या बाजूंपैकी वीतभर काठ पाण्याबाहेर राहिलाच पाहिजे, त्याहून कमी नको. धोका असतो तो माणसं उभी राहिली किंवा एका अंगाला सरकली की. काठ क्षणभर पाण्याखाली जातो, आत आलेलं पाणी त्याच बाजूला धावतं, आणि मग सावरायला वेळ उरत नाही. म्हणून बांधतानाच काठापासून वीतभर खाली लाल रंगाची रेघ ओढावी. रेघ बुडाली की माणूस उतरवायचा, मग तो पाहुणा असो की घरचा. पुढच्या-मागच्या टोकांत बंद, हवाबंद कप्पे करावेत. नाव पालथी झाली तरी ती धरून राहता येते. प्रत्येकाच्या अंगात तरंगजाकीट, निदान पाठीला भोपळा किंवा बंद झाकणाचा रिकामा डबा. पैसे घेऊन माणसं ने-आण करणं हे या नावेचं काम नाही. त्याला शासनाची परवानगी आणि वेगळी तपासणी लागते.

पुराच्या वेळी मदतीला जायची इच्छा असणाऱ्यांनीही एक ध्यानात ठेवावं. २०२१ च्या जुलैत मोर्णेचं पाणी अकोल्याच्या सखल वस्त्यांत शिरलं, तेव्हा नावा किती कमी आहेत हे सगळ्यांनी पाहिलं. पण पुरात नाव घालणं हे शिकलेल्यांचं काम आहे. पिंजरच्या संत गाडगेबाबा आपत्कालीन शोध व बचाव पथकासारखी माणसं आपल्याच जिल्ह्यात आहेत, त्यांच्याकडे जाऊन आधी शिकावं. साचलेल्या, संथ पाण्यात घरातलं सामान हलवायला ही सपाट नाव उत्तम. धावत्या धारेत ती नेऊ नये.

शिडाची नाव, मोटारीची नाव, फायबरची नाव या पुस्तिकेत नाही. त्यांचे कारखाने आहेत, जाणकार आहेत. इथे फक्त तेवढंच आहे जे एका सुतारासोबत दोन माणसं घराच्या मागच्या अंगणात करू शकतात.

कामाचा काळ नीट निवडावा. दिवाळीनंतर लाकूड गोळा करावं, संक्रांतीच्या सुमारास बाजू वळवाव्यात. तेव्हा हवा कोरडी असते पण कडक नसते. होळीच्या आत कापूस आणि लांबी भरून व्हावी. चैत्र-वैशाखाच्या उन्हात तयार नाव उघडी ठेवली तर फळ्या आक्रसतात आणि सगळ्या फटी पुन्हा उघडतात, म्हणून ती सावलीत, खाली-वर ओली पोती घालून ठेवावी. डोह जवळ असेल तर जुने नावाडी करत तसं दगड भरून पाण्यातच बुडवून ठेवावी. बुडवलेलं लाकूड तडकत नाही. पाऊस स्थिरावला की नाव काठाजवळ कमरेएवढ्या पाण्यात उतरवावी आणि रात्रभर तशीच बांधून ठेवावी. सकाळी ती अर्धी भरलेली दिसेल. घाबरू नये, फळ्या अजून फुगायच्या आहेत. पाणी उपसावं, पुन्हा ठेवावं, आणि ज्या फटीतून दुसऱ्या दिवशीही पाणी येतं तिथे खडूनं खूण करून नाव बाहेर काढावी. त्या खुणांचं काय करायचं, हे सातव्या प्रकरणात वाचावं.